गोलंदाज कमावतो, राखीव उधळतात

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

क्रीडापानावर बेसबॉलला कधी दोन ओळी मिळत नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच. मी मूळची सांगलीची, सध्या मुलाकडे पिट्सबर्गला असते. 11 मे 2024 ला इथल्या पायरेट्स संघाकडून पॉल स्कीन्स या 21 वर्षांच्या गोलंदाज पोराचं पदार्पण पाहिलं. चेंडूचा वेग ताशी शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटर. तोही फुलटॉस, टप्पा नाहीच! 84 चेंडूंत त्याने शिकागो कब्स संघाचे सात फलंदाज हात चोळत परत पाठवले. पाचव्या डावात (इथे सामन्याचे नऊ डाव) दोघे बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, असताना त्याला काढलं आणि बुलपेनमधले (सरावाच्या जागेतले) राखीव गोलंदाज आले.

मग काय! चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाज आयता पहिल्या बेसवर जातो. तिन्ही बेस भरलेले असतील तर फुकटची धाव. आपल्या वाइडसारखंच, फक्त जास्त लाजिरवाणं. असल्या धावा यांनी एकामागून एक वाटल्या, मोठी आघाडी घालवली. वर पाऊस, दोन तासांहून जास्त खोळंबा. माझ्या पोह्यांचा दगड झाला. पायरेट्स 10-9 जिंकले खरे, पण इथे विजय एका गोलंदाजाच्या नावावर मांडतात, तो पोराच्या नावावर लागला नाही. नियमच तसा, सुरुवात करणाऱ्याने पाच डाव पुरे करायला हवेत.

मुलगा म्हणतो, ‘आई, जिंकलो ना?’ हो, पण माझं ब्लडप्रेशर?

– एक वाचक, पिट्सबर्ग