कार्ड आहे, पण यादीत नाव?

संपादक महोदय,

मतदार यादीतल्या नावाविषयी लिहिते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदार ओळखपत्र पर्समध्ये टाकून मी सकाळी सातलाच केंद्रावर हजर होते. यादीत यांचं नाव सापडलं, माझं नाही. टेबलावरच्या मुलाने बिचाऱ्याने पट्टी सरकवत तीनदा पान पाहिलं. भाड्याचं घर बदललं तेव्हा जुन्या पत्त्यावरून माझं एकटीचं नाव उडालं होतं. कार्ड हातात, आणि मी दाराबाहेर!

यंदा जानेवारीतच यादी उघडून बसले. नवं नाव घालायचं तर अर्जाचा नमुना ६. नाव आहे पण पत्ता बदललाय, तर नमुना ८. सूनबाई माहेरच्या यादीत असताना सहाच भरायला निघाली होती.

नातवाला मार्चमध्ये अठरा पूर्ण होतात. १ जानेवारीला अठरा पूर्ण हवीत, ती तारीख हुकली म्हणून स्वारी निवांत. पण आता १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही तारखा धरतात, अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ देता येतो. दहावीच्या प्रमाणपत्रासकट त्याचा अर्ज मी समोर बसवून भरून घेतला. फोटो मात्र त्याने चारदा काढला.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे