निरोप समारंभ राहूनच गेला

महोदय,

दहावीच्या निरोप समारंभांचे फोटो पाहिले की आमची २०२१ ची बॅच आठवते. नववीची वार्षिक परीक्षा टाळेबंदीत बुडाली, दहावी बरीचशी मोबाइलवर झाली आणि एप्रिलमध्ये बोर्डाची परीक्षाच रद्द. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० अशी गुणांची बेरीज होऊन राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के! ‘कोरोना बॅच, फुकटात पास’ हा टोमणा अजून ऐकावा लागतो. याच मुलांनी २०२३ मध्ये बारावीची लेखी परीक्षा रीतसर दिली, ते मात्र कुणी बोलत नाही.

असो. गुणांचं दुःख नाहीच. शर्टावर सह्या, सरांसमोरच सरांची नक्कल, बाई रडल्या म्हणून मागच्या बाकावरच्यांचंही रडणं, यातलं काहीच वाट्याला आलं नाही. शिपाईकाकांनी हातावर सॅनिटायझर ओतून गेटवरच गुणपत्रिका दिली आणि दहा वर्षांची शाळा संपली.

शाळांनी या बॅचना एखाद्या रविवारी बोलवावं. भाषणं नकोत, फक्त वर्ग उघडून द्यावेत. समोशांचा खर्च आमच्याकडे.

– एक माजी विद्यार्थी, सातारा