काँक्रीट ओतण्यापूर्वी फायबरसाठी नळी टाकावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील रस्त्यांचे काँक्रिटीकरण चालू असताना एका गोष्टीकडे महापालिकेचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी मढजवळच्या एरंगळ गावात राहतो. आमच्या घरी इंटरनेट अजूनही टेलिफोनच्या तांब्याच्या वायरीवरूनच येते आणि लाइनमनच्या अंदाजाने एक्स्चेंजपासून घरापर्यंत ती साडेचार किलोमीटर भरते. वेग कसाबसा दोन एमबीपीएस मिळतो. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरले की तोही टिकत नाही. मुलीला कॉलेजची एखादी मोठी फाइल पाठवायची असेल, तर ती मालाडला मावशीकडे जाते. कंपनीच्या सांगण्यावरून आम्ही महागडा प्लॅन घेतला, परंतु वेगात काहीही फरक पडला नाही.

तो पडणारही नव्हता, कारण अडचण प्लॅनची नसून अंतराची आहे. तांब्याच्या वायरीवरून इंटरनेट देणाऱ्या एडीएसएल-२ प्लस या तंत्राने एक्स्चेंजच्या जवळच्या घराला २४ एमबीपीएसपर्यंत वेग मिळू शकतो. मात्र वेगासाठी लागणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी लांब तांब्यात वाटेतच क्षीण होतात आणि चार-पाच किलोमीटरनंतर फारच थोडे हाती लागते. तांब्यावरच चालणाऱ्या, त्याहून वेगवान अशा व्हीडीएसएल तंत्राचा खरा लाभ तर काही शे मीटरपर्यंतच होतो. त्यासाठी गावात वीजपुरवठा असलेली पेटी बसवून तिथवर फायबर, म्हणजे प्रकाशाने माहिती नेणारी काचेच्या तंतूंची केबल, आणावेच लागते, आणि एवढे केल्यावर शेवटच्या टप्प्यात पुन्हा तांबे कशासाठी ठेवायचे, हे मला समजत नाही. जीपॉन या घरापर्यंत फायबर नेणाऱ्या पद्धतीत एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश साधारण वीस किलोमीटरपर्यंत पोहोचतो, तो प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही आणि एका तंतूवरचा अडीच गिगाबिटचा वेग ३२ किंवा ६४ घरांत विभागता येतो. खाऱ्या हवेने काचेच्या तंतूला तांब्यासारखा गंजही चढत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

केंद्र सरकारच्या २०२३ पासूनच्या व्याख्येनुसार ब्रॉडबँडचा किमान वेगच दोन एमबीपीएस आहे. म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहून, नियमित बिल भरूनही पावसाळ्यात आमच्याकडे ब्रॉडबँड नसते. फायबर का येत नाही, असे विचारले की रस्ता खोदण्याची परवानगी आणि तो पूर्ववत करण्याचा खर्च, ही दोन कारणे ठरलेली असतात. ती खोटी नाहीत. विखुरलेल्या थोड्या घरांसाठी एवढा खर्च कोणत्याही कंपनीला जड वाटेल. परंतु काँक्रीट एकदा पडले की हीच कारणे पुढची अनेक वर्षे कायम राहतील.

म्हणून माझी विनंती आहे की, मढ, मनोरी, गोराई, आरे अशा एका कडेला पडलेल्या वस्त्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या कामात पदपथाखाली रिकामी नळी आणि ठरावीक अंतरावर चेंबर यांची तरतूद निविदेतच असावी. ती नळी महापालिकेच्या मालकीची राहावी आणि भाडे घेऊन सर्व कंपन्यांना समान अटींवर वापरू द्यावी. दूरसंचार मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल टाकण्यासाठी जागा वापरू देण्याचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यांचा आधार घेऊन विभाग कार्यालयांनी पुढील पावसाळ्यापूर्वी अशा रस्त्यांची यादी जाहीर करावी.

– एक वाचक, एरंगळ, मुंबई