किती पारे झाले, हे विचारू नका

प्रिय अम्मी, अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर अब्बांनी धाकटीला पहिलाच प्रश्न केला, "कुरआनाचे किती पारे झाले?" तिनं फोन माझ्या हातात कोंबला आणि आत निघून गेली. तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे.

कुरआनाच्या तीस भागांपैकी, पाऱ्यांपैकी, तिचा एकही झालेला नाही. अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, कायदा, संपवून ती आत्ता कुठे शेवटच्या, अम्म पाऱ्यात शिरली आहे. पण गेल्या वर्षी मशिदीतल्या वर्गाला न्यायचं म्हटलं की रडारड व्हायची, आणि आता अस्रची नमाज झाली की बाई ओढणी घेऊन दाराशी हजर!

हे सगळं उस्तादांच्या एका युक्तीनं झालं. अम्म पाऱ्यात 37 सूरा, म्हणजे अध्याय. त्यांनी त्या मुलांत वाटून दिल्या. नवख्याला 3 आयतींची, म्हणजे तीनच वचनांची कौसर, मुरलेल्याला 40 आयतींची नबा. रमजानमध्ये एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून अख्खा पारा म्हणायचा. नंबर नाही, बक्षीस नाही. पण एक जण अडला की पारा अडतो, म्हणून मोठी मुलं लहानांना घेऊन बसतात, त्यांचं ऐकतात. मोठा काफ आणि छोटा काफ यातला फरक हिला एका दहा वर्षांच्या पोरानं शिकवला. 'क़ल्ब' म्हणजे काळीज, 'कल्ब' म्हणजे कुत्रा! दोन दिवस घरभर हसत होती, पण आता काफ चुकत नाही. मला लहानपणी किरातीच्या, कुरआन पठणाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, आठवतं? ती सूरा मी महिन्याभरात विसरले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

अब्बा, पैगंबरांचे साथी इब्ने मसऊद यांची ती हदीस, तो प्रसंग, तुमच्याच तोंडून ऐकलेला. पैगंबर हुजूरांनी (सल्ल.) त्यांना कुरआन ऐकवायला सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यावरच तर उतरलं, तुम्हाला मी काय ऐकवू? तर हुजूर म्हणाले, मला दुसऱ्याकडून ऐकायला आवडतं. आणि ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. तुम्हीही तिचं नुसतं ऐका ना. पारे मोजायला मी आहे.

आणि अम्मी, तू आमच्यासमोर कधी मोठ्यानं वाचलं नाहीस. अडखळतेस म्हणून लाजतेस, ठाऊक आहे मला. कष्टानं, अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य, हे मात्र आम्हाला तूच सांगायचीस. धाकटीला सध्या कुणाचं तरी ऐकून घ्यायची भारी हौस आहे. तिला सूरह अस्र ऐकव, तीनच तर आयती आहेत. चुका काढेल हं ती, आणि उस्तादांच्याच आवाजात काढेल.

जुम्याला मगरिबच्या नमाजनंतर फोन करते. आधी तिच्याकडे देईन.

तुमची लेक