मॅटची फाईल कुठे अडली, क्रीडामंत्री महोदय?

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी कुस्तीच्या सरावात पट काढताना (समोरचीचा पाय धरून तिला पाडताना) माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीचा पाय मॅटच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत अडकला आणि गुडघा पिरगळला. कळव्यातल्या आमच्या तालमीतली ही मॅट वरून फाटलेली, आतून दबलेली आहे आणि तिचे सांधे मुली रोज सरावाआधी ओणव्या होऊन चिकटपट्टीने जोडतात.

कुस्ती खेळणाऱ्या मुलीवरील चित्रपटाच्या ठाण्यातील खास खेळाला आपण आला होतात. शेवटच्या प्रसंगात आपण रुमाल काढलात, हे आम्ही मागच्या रांगेतून पाहिले, आणि त्याच भरात बारा बाय बारा मीटरची नवी मॅट दिवाळीपूर्वी देण्याचा शब्दही आपण दिलात. दिवाळी गेली, होळीही गेली. चौकशी केल्यावर फाईल ‘तांत्रिक मंजुरी’साठी गेल्याचे कळले, मॅटमध्ये एवढे तांत्रिक काय असते, हे चाळीस वर्षे मातीत घालवलेल्या आमच्या वस्तादांनाही उमगलेले नाही.

चित्रपटातली मुलगी एका गाण्यात पैलवान होते. माझी पहाटे साडेचारला उठते. दूध, अंडी, बदाम आणि प्रवास मिळून महिन्याला सात-आठ हजार जातात (नेमका हिशेब मांडण्याची छाती होत नाही), त्यासाठी तिचे वडील रात्रपाळी संपवून दुपारपर्यंत रिक्षा चालवतात. आता डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे, म्हणजे जिल्हा निवड चाचणी हुकली. परवा गुडघ्यावर बर्फ धरून तिने विचारले, “आई, बसून वजन वाढलं तर माझा गट जाईल का गं?” मी भाजी बघायला म्हणून आत गेले.

1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकवर्गणीवर अवलंबून राहावे लागले होते. आमच्या तालमीत वर्गणीचा डबा अजून फिरतो. 2023 मध्ये पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत आमच्याच जिल्ह्यातली, कल्याणची वैष्णवी पाटील उतरली, तेव्हा आमच्या मुली हरखून गेल्या. त्याच वर्षी ऑलिंपिक पदकविजेती साक्षी मलिक न्यायासाठी दिल्लीच्या रस्त्यावर बसली आणि वर्ष सरताना बूट टेबलावर ठेवून, कुस्ती सोडून निघून गेली, हेही त्यांनी पाहिले. पडद्यावरच्या पैलवान मुलीसाठी रुमाल निघतो, खरीखुरी समोर आली की जावक क्रमांक विचारला जातो.

मॅटची फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, एवढे लेखी कळवावे. तोवर चिकटपट्टीची बिले कोणत्या खात्याकडे पाठवायची, तेही सांगावे.

आपली,
कळव्यातील एका पैलवान मुलीची आई