खोक्यावर एचडीआर लिहिलंय, पण निट्स किती?

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीच्या ऑफरमध्ये ४३ इंची टीव्ही घेतला, खोक्यावर हे एवढं मोठं एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवायचं तंत्र) छापलेलं, दुकानदार म्हणाला काका आता जुन्या टीव्हीकडे बघवणार पण नाही. घरी आणून एचडीआरवाली सिरीज लावली तर रात्रीचे सीन डांबरासारखे काळे, कोण कोणाला मारतंय तेच कळेना, बायको म्हणते चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. तोच एपिसोड बेडरूममधल्या जुन्या साध्या टीव्हीवर लावला, तर सगळं लख्ख!

मग भाच्याने समजावलं. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. साधं चित्र १०० निट्स धरून बनवलेलं असतं, एचडीआरचं बरेचदा १००० निट्सच्या मॉनिटरवर बसून तयार करतात, आणि तेही अंधाऱ्या खोलीत. आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू, गॅलरीचं दार सताड उघडं. त्यात स्वस्तातला पॅनल कसाबसा अडीचशे-तीनशे निट्स देतो, पण एचडीआरचा सिग्नल नुसता घेता येतो एवढ्यावर खोक्यावर एचडीआर छापायला मोकळे. मग तेवढा उजेड झेपत नाही म्हणून टीव्ही अख्खं चित्रच अंधुक करून टाकतो.

एचडीआर वाईट आहे असं नाही हं. दुकानात बाजूच्याच महागड्या टीव्हीवर समईची ज्योत आणि मागच्या काळोखातली कोनाड्यातली मूर्ती दोन्ही एकदम दिसत होतं, मी पाच मिनिटं तिथंच उभा. फोनवाल्यांनी तर हे बऱ्यापैकी डोकं लावून केलंय, २०२३ ला अँड्रॉइड १४ मध्ये अल्ट्रा एचडीआर आलं त्यात फोटो साधा जेपीईजीच असतो, कुठे किती उजळायचं त्याचा नकाशा तेवढा आत लपवलेला, त्यामुळे जुन्या फोनवर पण फोटो नीट दिसतो. (रात्री लाइट घालवून स्क्रोल करताना कोणाचा तरी हळदीचा फोटो टॉर्च मारल्यासारखा डोळ्यात घुसतो ते वेगळं.)

फ्रीजवर जसे तारे लावतात तसे टीव्हीच्या खोक्यावर निट्स छापणं सक्तीचं करा, एवढंच म्हणणं आहे. आणि तुमच्या पेपरात टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात, तुम्ही पण विचारा ना त्यांना. माझ्या खोक्यावर भिंतीत मारायच्या स्क्रूचं माप आहे, निट्स कुठेच नाहीत.

– एक वाचक, सांगली