बाबा, फिरायला दुपारी जा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, ‘एक्यूआय १२० आहे, मध्यम. एवढं घाबरण्यासारखं काय?’ आकडा बरोबर वाचलात. पण एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, ही चोवीस तासांची सरासरी असते. दुपारी ऊन तापलं, वारा सुटला की हवा मोकळी होते, आणि पहाटेचे वाईट तास त्या सरासरीत दडून जातात. तुम्ही गोरेवाड्याकडे निघता ते नेमके त्याच वेळी. शिवाय फुप्फुसाचे नि हृदयाचे आजार असलेल्यांना ‘मध्यम’ हवेतही त्रास होऊ शकतो, असं त्या सूचीतच लिहिलेलं आहे. तुम्हाला स्टेंट घातलाय, हे माझ्याआधी तुम्हीच विसरता!

तापमानाची विपरीतता तर तुम्हीच वर्गात फळ्यावर काढून दाखवायचे. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार, जड होऊन खालीच बसते आणि वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा राहतो. मग ट्रकचा धूर, खोदलेल्या रस्त्यांची धूळ, शेकोट्या, पेटवलेला कचरा, सगळं त्याखालीच कोंडतं. तुम्ही ज्याला धुकं म्हणता त्यात हेही असतं.

कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावर चालणारी वीजकेंद्रं नागपुरातल्या आपल्या झिंगाबाई टाकळीच्या उत्तरेला, आणि हिवाळ्यात वाराही बहुधा उत्तर-ईशान्येचा. धुराच्या चिमण्या उंच आहेत, राख अंगणात पडत नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण कोळशातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वाटेत हवेतच बारीक कणांत बदलतो आणि ते कण फार लांबवर जातात. अडीच मायक्रॉनच्या आतले हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १५ वर आणली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या खराब हवेच्या शहरांत नागपूरचं नाव आहे, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने असोत की आपल्या गल्लीतली धूळ, वाटा सगळ्यांचाच.

आई, आता तुझी पाळी. कडुनिंबाचा पालापाचोळा कुंपणापाशी पेटवणं बंद कर. ‘पानंच तर आहेत’ म्हणशील, पण तो धूर जमिनीलगतच सुटतो आणि पहिल्यांदा तुमच्याच खिडकीत शिरतो. मागच्या कोपऱ्यात खड्डा कर, खत होईल. आणि उन्हाला चालणारा तुझा स्टोल या कणांना अडवत नाही. एन-९५ मास्क पाठवतेय, नाकाशी घट्ट बसायला हवा.

बाबा, फेब्रुवारीपर्यंत चालणं दुपारी चारला ठेवा. तुमची मित्रमंडळी पहाटेच जमतात, ठाऊक आहे. त्यांनाही हे पत्र वाचून दाखवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर दर तासाचे आकडे दिसतात, चोवीस तासांवर भिस्त ठेवू नका. दिवाळीपासूनचा खोकला पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला, आई, तू सोबत जा, कारण ते ‘सगळं ठीक’ एवढंच सांगून परत येतील.

तुमची,
ताई

ता. क. संक्रांतीला येतेय. तिळगूळ घरचाच हवा.